घुमवायची डबी

कुरिअरवाला आमच्या गावापर्यंत चढत नाही. तो पोलादपूरला एका स्टेशनरीच्या दुकानात खोकं टाकतो, फोन करतो आणि आपण काही विचारायच्या आत ठेवून देतो. त्यामुळे माझी नात महाडच्या कॉलेजातून परतताना पोलादपूरला उतरली, दोन खोकी काखोटीला मारून पुढची गाडी धरली आणि घरी येऊन हातपाय न धुता ओटीवर ती उघडत बसली. आईबाप तिचे मुंबईला, ती राहते आमच्याकडे. एकेका खोक्यातून एकेक लोखंडी डबी निघाली. एक अंगाच्या साबणाएवढी, दुसरी माझ्या मिसळणाच्या डब्याएवढी. वर गोल बटणं, पुढे पायाने दाबायची गुंडी.

हे काय, असं विचारल्यावर तिने सांगितलं की याला रिव्हर्ब पेडल म्हणतात. इलेक्ट्रिक गिटारची वायर आधी या डबीत जाते, डबीतून स्पीकरमध्ये, आणि मग गिटार जणू मोठ्या जागेत वाजते आहे असं ऐकू येतं. दोन मागवल्यात; एक ठेवायची, दुसरी दहा दिवसांच्या आत परत पाठवायची. कोणती ठेवायची ते ठरत नाही.

मी म्हटलं, म्हणजे इको. आमच्याकडे लग्न असो, पूजा असो, क्रिकेटची मॅच असो, साऊंडवाला सगळ्यात आधी इकोचं बटण पिळतो. हळदीकुंकवाला आलेल्या पाहुणीचं नावसुद्धा तीन तीनदा ऐकू येतं. पण नातीने मान हलवली. इको वेगळा, रिव्हर्ब वेगळा. आता, मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आहे. एखादी गोष्ट वेगळी आहे एवढंच सांगून कोणी गप्प बसलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

पण आधी ही खटपट कशासाठी ते सांगते. मार्गशीर्षात आमच्या गावदेवीचा उत्सव असतो. अर्धं गाव मुंबईला, ते त्या दोन दिवसांसाठी घरी येतं. यंदा नातीने मंडळाकडून दहा मिनिटं मागून घेतली होती आणि त्या दहा मिनिटांत ती आपल्या आजोबांची चाल वाजवणार होती. आमचे हे गावच्या भजनाचे बुवा. तरुणपणी एका अभंगाला त्यांनी स्वतः चाल लावली. ती आमचं गाव सोडून कुठे कोणी म्हणत नाही. पण गेली दोन वर्षं हे भजनाला जात नव्हते. कानाला यंत्र लागलं तेव्हापासूनच म्हणा ना. विचारलं की सांगायचे, गुडघे. हार्मोनियम कपाटावर जाऊन बसली, तिच्यावर गाद्या आल्या. नातीला वाटत होतं की आबांनी देवळाच्या मंडपात यावं, बसावं आणि आपली चाल ऐकावी. मला एकटीला मागीलदारी गाठून तिने विचारलं होतं, "आजी, त्यांना आणू आपण. पण त्यांना ओळखू येईल का गं?"

मला काय माहीत. मी म्हटलं, येईल की. माहीत नसलेल्या गोष्टी ठणकावून सांगायची शिक्षिकांना सवय असते.

मग दोन दिवस ओटीवर आमचा अभ्यास चालला. लहान डबीत एकच आवाज होता, मोठीत आठ, आणि आठांना आठ नावं. 'रूम' म्हणजे खोली, 'हॉल' म्हणजे हॉल, इथवर ठीक. 'प्लेट' म्हटल्यावर मी विचारलं, कसली. तर म्हणे पूर्वी स्टुडिओत खाटेएवढा पोलादी पत्रा टांगायचे, त्यात आवाज सोडायचे आणि पत्रा थरथरला की ती थरथर पुन्हा उचलून घ्यायचे. 'स्प्रिंग' म्हणजे खरीखुरी स्प्रिंग, पेटीत ताणून बसवलेली; पेटीला चुकून लाथ लागली तर वीज पडल्यासारखा आवाज व्हायचा. मला हे फार आवडलं. एका खोलीचा आवाज हवा म्हणून माणसांनी पत्रे टांगले, स्प्रिंगा ताणल्या, आणि शेवटी ती खोली मिसळणाच्या डब्यात भरली. आठवा आवाज 'शिमर'. त्यात एक तार छेडली की तिच्यातून वरच्या पट्टीचे सूर उगवत जायचे आणि मावळायचं नावच घ्यायचे नाहीत. नात तो लावला की डोळे मिटून घ्यायची. एकदा मीही मिटले. गॅसवर दूध होतं, ते गेलं.

इको आणि रिव्हर्ब यांच्यातला फरक मला तिसऱ्या दिवशी कळला. नात समजावत होती की इकोत आवाज सुटा सुटा परत येतो, मोजता येतो. रिव्हर्बमध्ये तो इतक्या भिंतींवरून इतक्यांदा परततो की मोजताच येत नाही, नुसती लांब शेपूट राहते. मी म्हटलं, विहिरीतल्यासारखी. ती म्हणाली, एक्झॅक्टली. आणि मला माझी फजिती आठवली.

माहेर माझं वरंध घाटाच्या पायथ्याशी. घरामागे दगडी बांधणीची विहीर, उन्हाळ्यात पाणी पार तळाला जायचं. सतरा वर्षांची असताना मला शोध लागला की कठड्यावर पोट टेकून, मुंडकं आत घालून गाणं म्हटलं की आपल्यासारखी गाणारी दुसरी नाही. मग मी बाकी कुठे गायचंच सोडलं. घरी कोणी म्हण म्हटलं की म्हणायचे, घसा बसलाय. घसा ठणठणीत होता, पण माजघरात विहीर नव्हती. महाडला एका शाळेत गायनस्पर्धा होती, तिच्यासाठी मी महिनाभर सकाळ-संध्याकाळ विहिरीत तोंड घालून रियाज केला. आई पाण्याला आली की एका हाताने मला बाजूला ढकलायची आणि दुसऱ्याने पोहरा सोडायची. मावसबहिणीला मी पत्रात कळवलं की पुढच्या वर्षी मी बहुधा मुंबईत असेन, तू रेडिओ ऐकत जा.

स्पर्धा श्रावणात आली. बाहेर धो धो पाऊस, हॉल खच्चून भरलेला, आणि लोकांनी आपापल्या ओल्या घोंगड्या खुंट्यांवर, खिडक्यांवर, मागच्या बाकांवर टाकलेल्या. मी पहिली ओळ म्हटली आणि ती माझ्या पायाशीच पडली. परत काही आलंच नाही. मी गाणं थांबवलं, माईकवाल्याकडे बघितलं आणि म्हटलं, "ओ दादा, माईक बंद हाय."

माईक चालू होता. ते वाक्य बाजारपेठेपर्यंत गेलं असणार. तुमचं तेवढंच स्पष्ट ऐकू आलं, असं एका परीक्षकांनी मला नंतर सांगितलंसुद्धा. गाणारे चौघे होते आणि बक्षिसं तीन. पुढे कित्येक वर्षं ही हकिकत सांगताना मी माईक बंदच ठेवत असे. वर्गातल्या मुलांना सांगितलेल्या हकिकतीत तर तो कोणीतरी जळून मुद्दाम बंद केला होता.

नात पोट धरून हसली, मग हसता हसता थांबली. तिच्या लक्षात आलं की ओटीवर बसून पेडल ठरवणं हाही विहिरीतलाच रियाज. वाजवायचं आहे मंडपात. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गिटार, स्पीकर, दोन्ही डब्या आणि वायरींचं भेंडोळं घेऊन देवळात गेलो. निघताना मी आणखी एक वस्तू गुपचूप कनवटीला लावली. हे जेवून आडवे झाले होते आणि त्यांचं कानाचं यंत्र फडताळात त्याच्या डबीत होतं. ते का घेतलं म्हणाल, तर कुतूहल. दोन वर्षं वस्तू घरात आहे आणि तिच्यातून काय ऐकू येतं ते आपल्याला माहीत नाही, म्हणजे काय. चष्मा त्यांचा मी कितीदा तरी लावून बघितला आहे.

आमचं देऊळ पूर्वी कौलारू होतं. लाकडी खांब, सारवलेली जमीन. दोन वर्षांपूर्वी मुंबईकरांनी जीर्णोद्धार केला. आता वर स्लॅब, खाली आरशासारख्या लाद्या आणि भिंतींनाही छतापर्यंत लाद्या. पाणी मारलं की देऊळ धुऊन स्वच्छ, म्हणून सगळे खूश. नातीने मोठी डबी जोडली, शिमर लावला आणि चालीची पहिली ओळ वाजवली. ओळ संपली तरी ती संपेना. दुसरी पहिलीच्या अंगावर चढली, तिसरी दुसरीच्या. नात म्हणाली, सगळा चिखल होतोय.

मी गाभाऱ्याच्या पायरीवर बसले आणि यंत्र कानात घातलं. ते आधी किंचाळलं. मग नीट आत दाबून बसवलं तेव्हा ऐकू येऊ लागलं. पंख्याची घरघर, माझ्याच बांगड्या, दाराशी भांडणाऱ्या चिमण्या आणि गिटार, सगळं एका मापाचं, एकमेकांत कालवलेलं. नात पाच हातांवरून मला काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हलले आणि शब्दांच्या जागी घागरीतला वारा आला. मी म्हटलं, काय. ती पुन्हा बोलली. मी पुन्हा म्हटलं, काय.

तिसऱ्यांदा 'काय' म्हणताना तो सूर मला ओळखीचा वाटला. दोन वर्षं हे अगदी तसंच म्हणत होते.

मी यंत्र काढून हातात धरलं आणि त्या लाद्यांकडे बघितलं. म्हणजे गुडघे नव्हतेच. सारवलेल्या जमिनीवर, लाकडी खांबांत ऐकलेलं भजन इथे त्यांना घागरीत डोकं घालून ऐकल्यासारखं येत असणार. वर साऊंडवाल्याचा इको. आणि मी बचत गटाच्या बायकांसमोर त्यांना आळशी म्हटलं होतं, एकदा नव्हे. ते हसून सोडून द्यायचे. सांगणार तरी कसे? जीर्णोद्धार समितीचे अध्यक्ष हेच. मुंबईकर म्हणत होते की लाद्या अर्ध्या भिंतीपर्यंत लावू. नाही, वरपर्यंत पाहिजेत, हा हट्ट ह्यांचा. महाडला चार खेपा घालून रंग यांनीच पसंत केला. ज्या लाद्या मिरवल्या त्यांनीच भजन गिळलं, हे कुठल्या तोंडाने बोलणार? माईक बंद होता म्हणणाऱ्या बाईला गुडघे दुखतात म्हणणारा नवरा मिळाला, यात वाईट वाटून घ्यायला मला जागा नव्हती. तरी वाटलं.

नातीला मी हे सांगितलं. मग तिने मोठी डबी सोडवली आणि लहान जोडली. आता यंत्र माझ्या कानात आणि बटणं तिच्या हातात. लहान डबीला तीनच बटणं. एक घुमणं किती हवं त्याचं, एक शेपूट किती लांब त्याचं. दोन्ही पार खाली आणली तेव्हा चिखल गेला, पण गिटार शिळ्या भाकरीसारखी कोरडी झाली. मी विचारलं, आणि तिसरं कशाचं? ती म्हणाली, प्री-डिले. मूळ सूर वाजल्यावर घुमणं सुरू होण्याआधी किती थांबायचं, ते.

थांबायचं म्हटल्यावर मला आमचा कडा आठवला. माहेरी ओढ्याच्या पलीकडे उभा कडा आहे. गुरांमागे गेलं की आम्ही त्याला हाका मारायचो. विहीर आपलं बोलणं संपायच्या आत बोलायला लागते, आपल्याच तोंडातला शब्द उचलते. कडा तसा नाही. आपली हाक पुरती होते, मध्ये एक श्वास कोणीच बोलत नाही, आणि मग तो बोलतो. माझं एवढं आयुष्य गेलं, पण विहिरीत आणि कड्यात फरक आहे हे मला एका साबणाएवढ्या डबीने शिकवलं. मी म्हटलं, थोडा कडा कर. नातीने तिसरं बटण जरासं फिरवलं. डबीतलं थांबणं पापणी लवण्याहून कमी असेल, पण यंत्रातून एकेक सूर सुटा आला, निवडलेल्या तांदळासारखा, आणि घुमणं त्याच्या मागून.

ठरलं असं मला वाटलं. पण नात मोठ्या डबीवर हात ठेवून बसली होती. "आजी, मला ही आवडते," ती म्हणाली. तिच्या मनात जो आवाज होता तो या डबीत होता, हे मला कळत होतं. सतरा वर्षांच्या मला विचारलं असतं तर तिनेही हीच उचलली असती. शिवाय नातीचा मुद्दा बरोबर होता. मंडप आत्ता रिकामा आहे, उत्सवाला माणसांनी भरेल, माणसं आवाज पितात, तुझ्या त्या घोंगड्यांसारखीच. मग कदाचित मोठीही चालेल. रिकाम्या मंडपात ठरवणं म्हणजे पुन्हा विहीर.

भरलेला मंडप आणणं माझ्या हातात होतं. मी बचत गटाची अध्यक्ष. शुक्रवारी दुपारी देवळात तातडीची सभा आहे, सुनांना आणि शेजारणींना घेऊन या, असा निरोप मी फिरवला. सभा कशाची ते कोणी विचारलं नाही. चहा आहे का एवढंच विचारलं. राहता राहिले हे. गिटार ऐकायला चला म्हटलं असतं तर गुडघे आडवे आले असते. मी नुसतं म्हटलं, मंडपातली एक लादी हलतेय म्हणतात. पाच मिनिटांत हे काठी घेऊन, यंत्र लावून माझ्या पुढे चालत होते.

मंडपात चाळीस-पन्नास बायका दाटीने बसल्या होत्या. हे कोणाकडे न बघता भिंतीच्या कडेने निघाले. काठीच्या टोकाने एकेक लादी ठोकायची आणि कान द्यायचा. पोकळ वाजली ती सुटलेली. नातीने मोठी डबी दाबली आणि चाल सुरू केली. कसली ते कोणाला सांगितलं नव्हतं. बायका हरखल्या. एकीने डोक्यावरून पदर घेतला. दुसरी म्हणाली, "हीच ठेव गो बाय, देवी अंगणात उतरल्यागत वाटतंय." हात वर करा म्हटलं तर सगळ्यांनी केले. खरं सांगायचं तर एक हात माझाही होता.

हे लाद्या ठोकत होते. टक, टक, पुढची लादी. चाल संपली तेव्हा ते आग्नेयेच्या कोपऱ्यात पोचले होते आणि गिटारकडे त्यांनी मान वळवली नव्हती. नातीने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता. मी मान वळवून घेतली, कारण 'येईल की' असं ठणकावून मीच सांगितलं होतं.

तिने लहान डबी जोडली, तिसऱ्या बटणाला हात लावून बघितला आणि तीच चाल पुन्हा धरली. बायकांना ही साधी वाटली. मागे चहाची कुजबुज सुरू झाली. पहिलं कडवं झालं. काठी टक, टक. दुसऱ्या कडव्यात माझ्या लक्षात आलं की काठी अजून वाजते आहे, पण पुढे सरकत नाही. एकाच लादीवर पडते आहे. भजनी ठेका होता तो. मग एक बाई चहाचं बोलता बोलता थांबली, तिच्या शेजारची थांबली, आणि मंडपात गिटार आणि काठी एवढंच राहिलं.

तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर काठी थांबली. हे मान वर करून म्हणाले, "थांब. इथं चाल वर जाते गो. तू खालीच रायलीस."

नातीचा हात तारांवर तसाच राहिला. तिने मान खाली घातली आणि उगाचच खुंट्या पिळत बसली. गिटार चांगली लागलेली होती. मग विचारलं, "कशी वर, आबा?" हे काठी टेकत तिच्यासमोर येऊन बसले, बायकांनी सरकून जागा केली, आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी मंडपात तोंड उघडलं. आवाज चिरकला. पुन्हा घेतला. तिसऱ्या वेळी वर गेला.

परतताना मला म्हणाले, लादी कुठची हलत होती? मी म्हटलं, तुम्हाला नाय सापडली? ते म्हणाले, सगळ्या घट्ट हायत, आणि त्यात अजून अभिमान होता. लाद्यांबद्दल आम्ही त्यापुढे बोललो नाही. दोन दिवसांनी मात्र ह्यांनी मंडळाला निरोप दिला की उत्सवाला मंडपभर सतरंज्या घाला, भिंतींनाही टांगा. थंडीचे दिवस आहेत, म्हाताऱ्या माणसांना लादी गार लागते. आणि साऊंडवाल्याला इकोच्या बटणाला हात लावू देऊ नका. हार्मोनियम कपाटावरून खाली आली. रोज संध्याकाळी तिसरं कडवं चालतं, आणि नातीला रोज काहीतरी चुकल्याचं ऐकावं लागतं.

मोठी डबी परत पाठवायच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, खोक्यात भरण्याआधी एकदा मला दे. भजनाचा माईक नातीने त्या डबीला जोडून दिला. मी शिमर लावला, ओटीवर उभी राहिले आणि महाडला अर्धवट राहिलेलं ते गाणं पहिल्या ओळीपासून म्हणायला सुरुवात केली. काय सांगू, माझ्यासारखी गाणारी दुसरी नाही. दुसऱ्या ओळीला हे आतून दारात आले, कान देऊन उभे राहिले.

"माईक चालू हाय गो," ते म्हणाले, आणि यंत्र कानातून काढून त्याच्या डबीत ठेवलं.